आदर्श उत्तर चुकलं आहे : वाणिज्य अभ्यासमंडळांच्या सदस्यांना खुले पत्र

प्रति,
राज्यातील विद्यापीठांच्या वाणिज्य अभ्यासमंडळांचे सन्माननीय सदस्य

स. न. वि. वि.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बी. कॉम.च्या मुलांना शिकवते. १९ वर्षं झाली. आधी कॉस्टिंग शिकवायचे, गेली काही वर्षं 'वैयक्तिक वित्तीय नियोजन' माझ्याकडे आहे. या विषयाला ना ऑडिटचा रुबाब, ना टॅक्ससारख्या शिकवण्या, त्यामुळे वाटणीच्या वेळी तो कुणी मागत नाही. असाच तो माझ्याकडे आला आणि राहिला. आता कुणी मागितला तरी मी देणार नाही.

गेल्या उन्हाळ्यात कॅपला, म्हणजे विद्यापीठाच्या केंद्रीय पेपर तपासणीला, पेपर तपासत होते. चार गुणांची टीप होती : ठेव विमा. एका उत्तरपत्रिकेत लिहिलं होतं की बँक बुडाली तर प्रत्येक ठेवीदाराला एका बँकेत मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांपर्यंत संरक्षण मिळतं. त्याखाली तिरक्या, गिचमिड अक्षरात आणखी एक ओळ : 'पतसंस्थेतील ठेवींना हे संरक्षण नाही. पतसंस्था ही बँक नव्हे.' त्या ओळीखाली दोनदा रेघ मारलेली. पेन एवढं दाबलेलं की कागद मागच्या बाजूनं उठला होता.

मी चारपैकी चार दिले. चहाच्या सुट्टीत मॉडरेटरनी, म्हणजे आमची तपासणी पुन्हा पाहणाऱ्यांनी, बोलावून घेतलं. आदर्श उत्तरात १ लाख आहे, म्हणाले, आणि पतसंस्थेचा मुद्दा तर कुठेच नाही. मी म्हटलं, सर, ४ फेब्रुवारी २०२० पासून मर्यादा ५ लाख झालीय. ते म्हणाले, "मॅडम, मला माहीत आहे. माझ्या स्वतःच्या एफडी आहेत. पण पुस्तकात एक आहे, आदर्श उत्तरात एक आहे. उद्या पोरगं फेरतपासणीला गेलं तर आपण काय दाखवायचं?"

चाराचे दोन झाले. माझ्याच लाल पेननं.

माणूस वाईट नव्हता, हे मुद्दाम सांगते. त्यांच्यापुढे कागद होता आणि त्यांनी कागद पाळला. माझं गाऱ्हाणं त्या कागदाबद्दल आहे, आणि तो तयार होतो तुमच्या टेबलावर. संदर्भग्रंथांची यादी तुम्ही मंजूर करता. त्या यादीतल्या पुस्तकावरून प्रश्न निघतो आणि त्याच पुस्तकावरून आदर्श उत्तर.

१ लाखाची मर्यादा १९९३ पासून होती. २०१९ च्या सप्टेंबरात पीएमसी या मुंबईच्या सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले, सुरुवातीला खात्यातून काढता येत होते फक्त १,००० रुपये. मुंबईत बँकेच्या दारात रांगा लागल्या, त्या सगळ्या महाराष्ट्रानं टीव्हीवर पाहिल्या. त्यानंतर चार-पाच महिन्यांत मर्यादा ५ लाख झाली. माझ्या हातातल्या पुस्तकाच्या आवृत्तीवर साल आहे २०२४. कव्हरवर पिवळ्या पट्टीत 'नवीन शैक्षणिक धोरणानुसार सुधारित'. आत १ लाख.

आणि पतसंस्था? 'सहकारी क्षेत्रातील ठेवी सुरक्षित मानल्या जातात', एवढं एक वाक्य. तुमच्यापैकी जे पश्चिम महाराष्ट्रात राहतात त्यांना मी काय सांगू? आमच्या पेठेत बँका मोजक्या आणि पतसंस्थांच्या पाट्या भरपूर. ठेव विमा सहकारी बँकेला आहे, पतसंस्थेला नाही. एवढा फरक मुलाला कळला तर त्या वर्षाची फी वसूल झाली म्हणायचं. तो पुस्तकात नाही. ज्या मुलानं तो लिहिला त्याचा पेपर माझ्या कॉलेजचा नव्हता, म्हणजे माझ्या वर्गातही तो शिकला नव्हता. अशी वाक्यं मुलं घरून आणतात.

दुसरी गोष्ट वारसाची. पुस्तकात आहे : 'नामनिर्देशित व्यक्ती (वारस) हिला खातेदाराच्या मृत्यूनंतर रक्कम प्राप्त होते व त्या रकमेवर तिचा पूर्ण अधिकार असतो.' वाक्याचा पहिला अर्धा ठीक, दुसरा अर्धा घातक. नॉमिनी पैसे स्वीकारतो. बँक त्याला पैसे देऊन मोकळी होते. पण ते पैसे कुणाचे, हे वारसा कायदा किंवा मृत्युपत्र ठरवतं. विम्याबाबत सर्वोच्च न्यायालयानं हे सरबती देवी खटल्यात १९८३ साली सांगितलं. शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबत शक्ती येझदानी खटल्यात १४ डिसेंबर २०२३ ला पुन्हा सांगितलं. मधे २०१५ च्या दुरुस्तीनं विम्यापुरता अपवाद झाला, की आईवडील, नवराबायको किंवा मुलं नॉमिनी असतील तर लाभ त्यांचाच. हा अपवाद शिकवायला सुंदर आहे, कारण त्यातूनच नियम कळतो. पुस्तकात नियमही नाही नि अपवादही नाही, कंसातला एक शब्द तेवढा आहे.

माझी एक जुनी विद्यार्थिनी दोन वर्षांपूर्वी भेटायला आली होती. वडील गेले. त्यांची एफडी लग्नाआधीची, नॉमिनी म्हणून धाकट्या भावाचं नाव, पुढे बदलायचं राहून गेलं. चुलत्यानं पैसे उचलले आणि कागद दाखवला. आईला वाटत होतं काहीतरी करता येईल. मुलगी बी. कॉम. झालेली, घरातली शिकलेली तीच. तिनंच आईला समजावलं की नाव काकांचं आहे म्हणजे कायद्यानं पैसे काकांचेच. माझ्याकडे ती वेगळ्याच कामाला आली होती, कॅरेक्टर सर्टिफिकेट हवं होतं. बोलता बोलता हे निघालं. मी म्हटलं, अगं, तसं नाहीये. ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मॅडम, पुस्तकात तसंच होतं ना?"

बाकी विषयांत पुस्तक चुकलं तर गुण जातात. या विषयात असं होतं.

आता गणित. एका फंडाचा तीन वर्षांचा परतावा दिलाय : ४० टक्के, उणे ३० टक्के, २० टक्के. पुस्तक बेरीज करतं, तिनानं भागतं आणि सांगतं, सरासरी १० टक्के. पुढच्याच ओळीत १ लाखाचे तीन वर्षांत १,३३,१०० होतील असं उत्तर. फळ्यावर करून बघा. १ लाखाचे पहिल्या वर्षी १,४०,०००. दुसऱ्या वर्षी त्यातले ३० टक्के गेले, राहिले ९८,०००. त्यावर २० टक्के, म्हणजे १,१७,६००. वर्षाला साडेपाच टक्क्यांच्या आसपास, दहा नव्हे. साडेपंधरा हजारांचा फरक पडला आणि पडायला काही घोटाळा लागला नाही, बेरीज-भागाकार पुरला. फंड विकणारा अशीच सरासरी सांगायला लागला तर ती पकडायची कशी, हे खरं तर या प्रकरणाचं काम. इथे प्रकरणच त्याच्या बाजूनं उभं आहे.

दरमहा ५,००० ची एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडात दर महिन्याला ठरावीक रक्कम, १२ टक्के, २० वर्षं, उत्तर जवळपास ५० लाख. आकडेमोड बरोबर आहे, दर महिना १ टक्का धरला तर. वार्षिक १२ टक्के खरोखर १२ च धरले तर तेच उत्तर ४६ लाखांवर येतं, पण कुठला १२ टक्के ते पुस्तक सांगत नाही. चला, सोडून देऊ. महागाई ६ टक्के धरली तर २० वर्षांनंतरच्या त्या ५० लाखांत आजच्या भावानं साडेपंधरा लाखांच्या आसपास माल येतो, ही ओळ मात्र सोडता येणार नाही. महागाईचं प्रकरण पुस्तकात आहे, पहिल्या घटकात, व्याख्या आणि प्रकारांसह. एसआयपी चौथ्या घटकात. दोघांची गाठ पडत नाही.

करांचं मी फार लिहीत नाही, ते दर वर्षी बदलतात आणि लेखकाची थोडी दया येते. तरी एकाच पुस्तकात इक्विटी (शेअरमध्ये गुंतवणाऱ्या) फंडावरचा दीर्घकालीन नफा तक्त्यात 'करमुक्त' (हे ३१ मार्च २०१८ पर्यंत खरं होतं) आणि सोडवलेल्या उदाहरणात १० टक्के (हे २२ जुलै २०२४ पर्यंत), असं कसं चालेल? आता साडेबारा टक्के आहे, सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावर. म्युच्युअल फंडाचा एंट्री लोड, म्हणजे पैसे गुंतवतानाच कापलं जाणारं शुल्क, १ ऑगस्ट २००९ ला बंद झाला. आमच्या पुस्तकात तो अजून २.२५ टक्क्यांनी कापला जातोय. हा लोड बंद झाला तेव्हा आजची तिसऱ्या वर्षाची मुलं पहिलीतही गेली नसतील. आणि आता १ एप्रिल २०२६ पासून १९६१ चा आयकर कायदा जाऊन २०२५ चा येतो. गुंतवणुकीवर करात वजावट देणाऱ्या कलम ८० सी चं कलम १२३ होतं, 'मागील वर्ष' आणि 'कर निर्धारण वर्ष' ही जोडी जाऊन एकच 'कर वर्ष' राहतं. पिवळ्या पट्ट्या पुन्हा छापल्या जातील.

काही पानं तर दुसऱ्याच देशातून आलेली आहेत. निवृत्तीनंतर दर वर्षी ४ टक्के रक्कम काढावी, असा 'नियम' दिलाय. हा विल्यम बेन्गेन नावाच्या अमेरिकी सल्लागारानं १९९४ साली तिथल्या शेअर आणि सरकारी रोख्यांच्या इतिहासावरून काढलेला अंदाज. त्यात आपला रुपया नाही, आपली महागाई नाही, कर नाही. कुठून आला ते सांगून शिकवला तर उत्तम धडा होईल. आमच्या पुस्तकात त्याच्याआधी फक्त 'तज्ज्ञांच्या मते' एवढंच आहे.

भाषेबद्दल बोलायलाच हवं, कारण माझी निम्मी मुलं मराठीतून पेपर लिहितात. एका पुस्तकात विम्याच्या रायडरला (मूळ पॉलिसीला जोडून घेतलेल्या जादा संरक्षणाला) 'स्वार' केलंय. म्युच्युअल फंड म्हणजे 'परस्पर निधी'. आमच्याकडे परस्पर म्हणजे न विचारता. परस्पर निधी म्हटलं की मागच्या बाकावरून आवाज येतो, कुणी नेला मॅडम? लिक्विडिटीला एका घटकात 'तरलता', दुसऱ्यात 'रोखता', तिसऱ्यात 'द्रवता', आणि मुलांना वाटतं तीन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्या घरातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या म्हणतात, पैसा मोकळा आहे की अडकलाय. मी वर्गात तसंच शिकवते. 'जमिनीत पैसा अडकतो' हे त्यांना कुणी सांगावं लागत नाही. मग मी म्हणते, याला परीक्षेत तरलता लिहा.

आणि ज्यांचं नियोजन करायचं ती माणसं कोण? श्री. शर्मा, वय ३०, आयटी कंपनीत नोकरी, मासिक पगार १ लाख, मुंबईत टू बीएचके. प्रत्येक पुस्तकात हेच शर्मा. आणीबाणीसाठी सहा महिन्यांच्या पगाराइतका निधी ठेवा. माझ्या वर्गातल्या ६० मुलांना मी विचारलं, घरात महिन्याच्या महिन्याला पगार कुणाकडे येतो? ११ हात वर झाले. एक एसटीचा वाहक, दोन शिक्षक, एक अंगणवाडी सेविका, बाकी एमआयडीसीतले.

मग शर्मांना रजा दिली आणि वर्गातल्याच एका मुलाचं घर घेतलं, त्याला विचारून. दीड एकर ऊस, दोन म्हशी, आजी, आईवडील, बहीण बारावीला. दुधाचं बिल दर १० दिवसांनी. उसाचं बिल कायद्यानं १४ दिवसांत यायला हवं, येतं हप्त्याहप्त्यानं, कधी ते कुणी सांगावं. सोसायटीचं पीक कर्ज ३ लाखांपर्यंत मुदतीत फेडलं तर बिनव्याजी. म्हणून मुदत संपायच्या आधी कुठून तरी पैसे उभे करायचे, भरायचे आणि आठवड्यात परत उचलायचे. नवं-जुनं करायचं. मुलगा म्हणाला, "मॅडम, ते पैसे वडील एकाकडून घेतात, शेकडा तीन रुपयांनी." किती दिवसांसाठी? "आठ-दहा दिवस. पण व्याज पूर्ण महिन्याचं धरतो." मी गप्प राहिले. त्यानं स्वतःच वहीवर मांडलं : ३ लाखांवर शेकडा तीन म्हणजे ९,०००. मग मान वर करून म्हणाला, "म्हणजे बिनव्याजी कर्ज आम्हाला वर्षाला तीन टक्क्यांना पडतं." वर्गात कुणी बोललं नाही. मग शेवटून एक मुलगी म्हणाली की दुधाच्या प्रत्येक बिलातले २५० बाजूला टाकले तरी ते ९,००० निघतात. ३६ बिलं गुणिले २५०. बरोबर ९,०००. पैशांचं नियोजन म्हणतात ते हेच, आणि ते एका तासात झालं. पुस्तक मिटलेलं होतं.

भिशी, बचत गट, सोनेतारण, हातउसने, लग्नातल्या आहेराची वही, यातलं काहीही पुस्तकात नाही. भिशीवर तर एक अख्खं प्रकरण होईल : लिलावात लवकर उचलणाऱ्याला काय व्याज पडतं, शेवटी उचलणाऱ्याला काय मिळतं, चालवणारा पळाला तर काय, आणि १९८२ चा चिट फंड कायदा नोंदणीबद्दल काय म्हणतो.

हे असं का होतं, ते तुम्हाला आणि मला दोघांना ठाऊक आहे. यूजीसीच्या गुणांच्या तक्त्यात आयएसबीएन असलेल्या पुस्तकाला गुण आहेत आणि बढतीच्या फायलीत ते लागतात. प्रकाशकाला जूनमध्ये पुस्तक बाजारात हवं असतं आणि अभ्यासक्रम त्याच्या हातात येतो उन्हाळ्यात. चौघांची नावं कव्हरवर, प्रत्येकाला दोन प्रकरणं, सुट्टीत लिहून द्यायची. मुद्रितं तपासायला वेळ नाही. अभ्यासक्रम ठरवणारे, पुस्तक लिहिणारे, पेपर काढणारे आणि आदर्श उत्तर लिहिणारे पुष्कळदा तेच चार-पाच जण. चूक पकडणार कोण, आणि पकडली तर सांगणार कुणाला?

हे मला कसं माहीत? ज्या पुस्तकाबद्दल मी इतका वेळ लिहितेय, त्याच्या कव्हरवरचं तिसरं नाव माझं आहे. बँक ठेवींचं प्रकरण माझं. २०१८ च्या दिवाळीच्या सुट्टीत ११ दिवसांत लिहिलं. तेव्हा १ लाख बरोबर होतं. २०२४ च्या उन्हाळ्यात प्रकाशकांचा फोन आला, सुधारित आवृत्ती काढतोय, तुमची हरकत नाही ना? मी भाजी घेत होते. नाही म्हटलं. पाच प्रती घरी आल्या, एक कॉलेजच्या ग्रंथालयाला सप्रेम भेट दिली, बाकीच्या कपाटात. उघडलं मी ते पुस्तक थेट कॅपहून घरी आल्यावर. कंसातला वारसही माझाच. १ लाखाला निदान काळाची सबब आहे. वारसाला नाही, १९८३ चा निकाल २०१८ मध्येही होताच. मी एका जुन्या पुस्तकातून उतरवलं होतं.

तेव्हा मी मागतेय ते माझ्यासारख्यांना आवरण्यासाठी आहे. बदलणारे आकडे पाठ्यपुस्तकात छापूच देऊ नका. अल्पबचतीचे व्याजदर दर तिमाहीला जाहीर होतात, ते छापील पानात ठेवून काय उपयोग? दर, मर्यादा, कलमं, करांचे टप्पे यांची चार पानी पुरवणी विद्यापीठानं दर जूनमध्ये काढावी, वर तारीख घालावी आणि परीक्षेत तीच प्रमाण मानावी. हे काही नवं नाही. पाताळगंगेला जिचं संकुल आहे त्या एनआयएसएम या सेबीच्या प्रशिक्षण संस्थेच्या वर्कबुकवर आवृत्तीचा महिना आणि साल छापलेलं असतं, आणि परीक्षा कोणत्या आवृत्तीवर हेही जाहीर होतं. बाजारात काम करणाऱ्यांना जे मिळतं ते आमच्या बी. कॉम.च्या मुलांना का नको?

आदर्श उत्तरात आकडा असेल तर त्याचा आधार पाठ्यपुस्तक नसावा. ठेव विम्याचा आकडा ठेव विमा महामंडळाचा, कराचा आकडा कायद्याचा. आणि परीक्षकाला एक ओळ लेखी द्या, की उत्तर आजच्या कायद्यानं बरोबर असेल तर पूर्ण गुण द्यावेत, पुस्तकात काहीही असो. ही ओळ त्या मॉडरेटरांकडे असती तर त्यांनी मला बोलावलंही नसतं.

मंडळावरच्या सदस्याचं पुस्तक संदर्भयादीत जात असेल तर त्यानं ते बैठकीत सांगावं आणि त्या ठरावापुरतं बाहेर बसावं. सहकारी संस्थांच्या पोटनियमांवर आपण मुलांना पाच गुणांचा प्रश्न विचारतो, तेवढं आपल्यालाही पाळता येईल. शब्दांसाठी एक परिभाषा ठरवा, सगळ्या विद्यापीठांची मिळून. रायडर रायडरच राहू द्या. आणि सोडवलेल्या उदाहरणांतली निदान निम्मी घरं शर्मांची नसावीत.

प्रकाशकांना मी कळवलं आहे. पुढच्या छपाईत बघू, म्हणाले. तोवर शुद्धिपत्र मीच काढलंय, आमच्या गेटसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे ठेवलंय, पुस्तक घेणाऱ्या मुलाला तो ते फुकट देतो. एक प्रत या पत्रासोबत जोडते.

कळावे,
आपली,
एक प्राध्यापिका, वाणिज्य विभाग

सोबत : शुद्धिपत्र, प्रकरण ३, 'बँक ठेवी'

पान ११२, ओळ ७ : '१ लाख' ऐवजी '५ लाख (४ फेब्रुवारी २०२० पासून, प्रत्येक ठेवीदाराला प्रत्येक बँकेत, मुद्दल व व्याज मिळून)' असे वाचावे.

पान ११८, ओळ ३ : कंसातील 'वारस' हा शब्द आणि 'त्या रकमेवर तिचा पूर्ण अधिकार असतो' हे शब्द काढावेत. त्याजागी : 'ही व्यक्ती रक्कम वारसांच्या वतीने स्वीकारते.'

पान ११२, ओळ ९ : 'सहकारी क्षेत्रातील ठेवी सुरक्षित मानल्या जातात' हे वाक्य काढून तेथे 'पतसंस्थेतील ठेवींना हे संरक्षण नाही. पतसंस्था ही बँक नव्हे.' असे वाचावे. ही दोन वाक्ये एका उत्तरपत्रिकेतून घेतली आहेत. उत्तरपत्रिकेवर बारकोड असल्याने लिहिणाऱ्याचे नाव देता येत नाही.